आपत्काळांतील शिल्प

देशावर युद्ध, दुष्काळ किंवा सांथ यांसारखें संकट ओढवलें म्हणजे माणसें प्रथम अन्नाचा, औषधाचा व निवाऱ्याचा विचार करतात, आणि तें योग्यच आहे. अशा वेळीं कोणी छिन्नी घेऊन मूर्ति घडवीत बसला, किंवा घडविलेल्या मूर्ति लोकांपुढें मांडूं लागला, तर ‘घर जळत असतां हा भिंतीवर नक्षी कसली काढतो?’ असा प्रश्न शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या मनांत आल्यावांचून राहत नाहीं. हा प्रश्न अडाणीपणाचा आहे असें आम्ही म्हणत नाहीं. ज्या घरांत चूल पेटलेली नाहीं त्या घरांतील माणसास तो विचारण्याचा पुरा अधिकार आहे. म्हणून केवळ तर्कानें त्याचें उत्तर देण्याऐवजीं दोन शिल्पकारांची खरी हकीकत वाचकांपुढें ठेवावी, आणि तींतून काय निघतें तें ज्याचें त्यानें पाहावें, असें आम्ही योजिलें आहे. हे दोन शिल्पकार जर्मनीचे. एकीचें नांव केटे कोल्विट्झ व दुसऱ्याचें एर्न्स्ट बार्लाख. पहिलें महायुद्ध, त्यानंतरची उपासमार आणि हिटलरची राजवट हीं सर्व त्यांच्या वांट्यास आलीं.

हकीकतीस आरंभ करण्यापूर्वीं शिल्पाचा स्वभाव थोडासा समजून घेतला पाहिजे. कवीस कागदाचा तुकडा पुरतो; गवयास तोहि लागत नाहीं. शिल्पकाराचें मात्र तीन गोष्टींवांचून चालत नाहीं. त्या म्हणजे द्रव्य, काळ आणि जागा. दगड खाणींतून आणावा लागतो, धातु विकत घ्यावा लागतो. काम पुरें होण्यास महिने, प्रसंगीं वर्षें लागतात. आणि काम पुरें झाल्यावर तें ठेवण्यास चौक, देऊळ, चर्च किंवा स्मशान असें कांहीं स्थान लागतें. संकट नेमकें याच तीन गोष्टींवर हात टाकतें. युद्धांत तांब्याची व कथलाची एवढी ओढ लागते कीं, १९१४-१८ च्या महायुद्धांत जर्मन सरकारनें हजारों चर्चच्या घंटा उतरवून भट्टींत घातल्या. उद्यां काय होईल याची ज्यास शाश्वती नाहीं त्यास दहा वर्षांचें काम हातीं घेण्याचा धीर होत नाहीं. आणि जागेविषयीं बोलावयाचें तर, चौकांतील मूर्ति सर्वांच्या दृष्टीस पडते, त्यांत राज्यकर्त्यांची दृष्टिहि आलीच. म्हणून आपत्काळीं जें शिल्प उभें राहतें तें सहज उभें राहिलेलें नसतें, एवढें ध्यानांत ठेवून आपण पुढें जाऊं.

केटे कोल्विट्झ यांचा जन्म १८६७ सालीं पूर्व प्रशियांतील कोनिग्सबर्ग शहरीं झाला. त्यांचे पति कार्ल हे डॉक्टर असून बर्लिनच्या उत्तर भागांत कामकऱ्यांच्या वस्तींत त्यांचा दवाखाना होता. दवाखान्यांत येणाऱ्या थकल्याभागल्या आया, बेकार पुरुष व खंगलेलीं मुलें कोल्विट्झबाईंच्या नित्य दृष्टीस पडत, व त्याच मंडळीचीं चित्रें त्या काढीत. त्यांस हान्स व पेटर असे दोन मुलगे होते. १९१४ च्या ऑगस्टांत युद्ध पेटलें तेव्हां धाकटा पेटर अठरा वर्षांचा होता. त्यानें सैन्यांत स्वखुषीनें नांव नोंदविण्याचा हट्ट धरला. तो सज्ञान नसल्यामुळें वडिलांची संमति अवश्य होती, आणि वडील ती देण्यास तयार नव्हते. तेव्हां मुलानें आईस मध्यस्थ केलें. आईनें वडिलांची समजूत घातली व संमति मिळाली. ऑक्टोबरांत पेटर रणांगणाकडे गेला, आणि त्याच महिन्याच्या २२ तारखेच्या रात्रीं बेल्जममधील डिक्समुडे गांवाजवळ मारला गेला. त्याच महिन्यांत व त्याच फ्लँडर्स प्रांतांत, समोरच्या बाजूनें, आपल्या हिंदी पलटणीहि प्रथम लढाईस उभ्या राहिल्या होत्या, हें आमच्या वाचकांनीं विसरूं नये. ज्या खंदकांत जर्मन मातांचे मुलगे पडत होते, त्यांच्या पलीकडल्या खंदकांत आपल्याकडील मातांचेहि मुलगे पडत होते.

आईनें केलेली ती रदबदली पुढें जन्मभर तिच्या काळजांत सलत राहिली. वर्ष संपण्याच्या आंतच, १९१४ च्या डिसेंबरांत, पेटरचें स्मारक स्वतःच्या हातांनीं घडवावें असें तिच्या मनानें घेतलें. प्रथम तिची कल्पना अशी होती कीं, मुलगा लांब पसरून निजलेला दाखवावा, व त्याच्या उशाशीं आणि पायथ्याशीं आईबाप असावे. या कल्पनेवर तिनें वर्षानुवर्षें काम केलें. पण मन भरेना. १९१९ सालीं तिनें तें काम मोडून टाकलें. याच वर्षीं प्रशियाच्या कला-अकादमींत तिची निवड झाली. हा मान मिळविणारी ती पहिलीच स्त्री होय. बाहेरून मान मिळत होता, परंतु जें एक काम मनापासून करावयाचें तें मात्र हातून उतरत नव्हतें.

या मधल्या काळांत जर्मनीची स्थिति काय होती तेंहि पाहिलें पाहिजे. युद्धांत सुमारे वीस लाख जर्मन सैनिक मेले होते. मागें राहिलेल्यांस पोटभर अन्न नव्हतें. १९२३ च्या नोव्हेंबरांत जर्मन नाणें एवढें घसरलें कीं, एका अमेरिकन डॉलरास ४.२ लक्ष कोटि मार्क मोजावे लागत. जन्मभराची शिल्लक पावाच्या तुकड्यालाहि पुरेना. कोल्विट्झबाई अशा वेळीं हात जोडून बसल्या नाहींत. ‘जर्मनीचीं मुलें उपाशी आहेत’, ‘पुन्हां युद्ध नको’ अशा मथळ्यांचीं भित्तिपत्रकें त्यांनीं काढलीं. भित्तिपत्रक आज काढावें, उद्यां छापावें, परवां भिंतीवर लावावें. तें पाहून कोणीतरी खिशांत हात घालतो, आणि पावसांत तें विरून गेलें तरी त्याचें काम झालेलें असतें. आरंभीं ज्या शेजाऱ्याचा प्रश्न आम्हीं मांडला त्याला एक उत्तर येथेंच मिळतें. उपाशी मुलासाठीं भित्तिपत्रक काढणारा हात व मेलेल्या मुलासाठीं मूर्ति घडविणारा हात, हे दोन्ही एकाच बाईचे होते. एकास घाई हवी होती आणि दुसऱ्यास सबूर. ज्या दुःखाचें निवारण करतां येतें त्यासाठीं तिनें घाई केली. ज्याचें निवारण कोणाच्यानेंहि होणार नव्हतें त्यासाठीं अठरा वर्षें घेतलीं.

१९२४-२५ च्या सुमारास तिनें स्मारकाचें काम पुन्हां हातीं घेतलें, आणि या खेपेस पुत्राची मूर्तिच गळून गेली. राहिलीं तीं फक्त आईबाप, दोन निरनिराळ्या चौथऱ्यांवर गुडघे टेकून बसलेलीं. १९२६ सालीं पतिपत्नी बेल्जममध्यें रोगेवेल्डे येथील जर्मन सैनिकांच्या दफनभूमीवर जाऊन आलीं व तेथील जागा त्यांनीं डोळ्यांनीं पाहिली. मुलगा कोठें दाखवावा, हा जो प्रश्न इतकीं वर्षें सुटत नव्हता, त्याचें उत्तर त्या जागेंतच होतें. मुलगा तेथें मातींत होताच, आणि त्याच्या भोंवतीं इतर शेंकडों आयांचे मुलगे होते. समोर थडगीं असतां पुन्हां दगडाचा मुलगा कशाला? शिल्पांत जें घडवावें लागतें त्याइतकेंच जें मोकळें सोडावें लागतें त्याचेंहि महत्त्व असतें, हें येथें उत्तम प्रकारें दिसून येतें.

मूर्तींचें वर्णन थोडक्यांत असें आहे. बाप ताठ बसला आहे; त्यानें आपले हात छातीशीं घट्ट आवळून धरले आहेत, जणूं ते सोडले तर आपण कोसळून पडूं असें त्यास वाटतें. आई पुढें वांकली आहे, मान खालीं गेली आहे, अंगावरचें वस्त्र तिनें गोळा करून धरलें आहे. बापाचा चेहरा कार्लचा व आईचा स्वतः केटेचा आहे. तलवार नाहीं, निशाण नाहीं, विजयाची माळ नाहीं. त्या काळीं युरोपांत गांवोगांव युद्धस्मारकें उभारलीं जात होतीं. आपल्याकडेहि सातारा जिल्ह्यांतील व कोकणांतील कांहीं खेड्यांत ‘या गांवांतून इतके लोक महायुद्धास गेले, त्यांपैकीं इतके मेले’ असे आंकडे कोरलेल्या शिळा अजून पाहावयास सांपडतात. अशा शिळेवर मेलेल्यांची संख्या असते, पुतळ्यांत त्यांचें शौर्य असतें. मागें राहिलेल्यांस मात्र कोठेंच जागा नसते. कोल्विट्झबाईंनीं ती जागा त्यांस दिली.

बाईंनीं मूर्ति मातींत घडवून त्यांच्या प्लास्टरच्या प्रती तयार केल्या, व त्यांवरून पाथरवटांनीं त्या ग्रॅनाइट दगडांत उतरविल्या. १९३१ सालीं प्लास्टरच्या मूर्ति बर्लिनच्या अकादमींत लोकांस दाखविण्यांत आल्या. १९३२ च्या जूनमध्यें दगडी मूर्ति बर्लिनच्या राष्ट्रीय चित्रशाळेंत कांहीं दिवस ठेवल्या गेल्या. त्या हिंवाळ्यांत जर्मनींत बेकारांची संख्या साठ लाखांच्या घरांत गेली होती, व रस्त्यांत राजकीय पक्षांच्या मारामाऱ्या होत होत्या. अशा गलबल्यांत हीं दोन मुकीं माणसें राजधानींत येऊन बसलीं. जुलै महिन्यांत त्यांस बेल्जममध्यें नेऊन पेटरच्या थडग्याजवळ बसविण्यांत आलें. ज्या देशावर जर्मन सैन्यानें स्वारी केली होती त्याच देशानें जर्मन आईबापांस आपल्या भूमींत रडण्यास जागा दिली, ही गोष्ट लहान नव्हे.

आतां दुसऱ्या शिल्पकाराकडे वळूं. एर्न्स्ट बार्लाख यांचा जन्म १८७० सालचा. १९१० पासून ते उत्तर जर्मनींतील ग्युस्ट्रो नांवाच्या लहान शहरीं राहत. युद्धाच्या आरंभीं इतर पुष्कळांप्रमाणें त्यांसहि युद्धाचें स्फुरण चढलें होतें. १९१४ सालीं तलवार उगारून धांवणाऱ्या सूड घेणाराची मूर्तिहि त्यांनीं घडविली. पुढें स्वतः थोडा काळ सैन्यांत राहून आल्यावर मात्र त्यांचें मत पार पालटलें. त्यानंतर ज्या ज्या गांवानें युद्धस्मारक मागितलें त्यास त्यांनीं वीराचा पुतळा न देतां शोकाची मूर्ति दिली.

ग्युस्ट्रोच्या कॅथीड्रलास १९२६ सालीं सातशें वर्षें पुरीं होत होतीं. त्या निमित्तानें युद्धांत पडलेल्यांचें स्मारक करण्याचें ठरलें व तें काम बार्लाख यांजकडे आलें. त्यांनीं आपल्या कामाचा मोबदला घेतला नाहीं. फक्त सामानाचा खर्च चर्चनें द्यावा एवढेंच मागितलें. १९२७ सालीं ब्राँझची सुमारे सात फूट लांबीची मूर्ति कॅथीड्रलच्या छतापासून साखळीनें टांगण्यांत आली. ती देवदूताची आहे, पण तिला पंख नाहींत. जमिनीस समांतर अशी ती अधांतरीं तरंगते. दोन्ही हात छातीवर एकमेकांवर ठेवलेले, डोळे मिटलेले, ओंठ आवळलेले. ‘तरंगणारा’ असेंच लोक तिला म्हणतात. पृथ्वीवर जें चाललें आहे तें त्यास पाहवत नाहीं, पण पृथ्वी सोडून तो जातहि नाहीं, असें त्याकडे पाहून वाटतें. आणि नवल असें कीं, त्याचा चेहरा केटे कोल्विट्झ यांच्या चेहऱ्यासारखा आहे. बार्लाख यांनीं पुढें सांगितलें कीं, आपण तसें मुद्दाम योजिलें नव्हतें. काम करतां करतां तो चेहरा आपोआप उतरला. पुत्र गमावलेल्या एका आईचा चेहरा अशा रीतीनें सर्वांच्या मृतांवर पहारा देऊं लागला.

१९२९ सालीं माग्डेबुर्गच्या कॅथीड्रलांत बार्लाख यांचें दुसरें स्मारक बसलें. हें लांकडी आहे. वर तीन सैनिक उभे आहेत; खालीं शोकानें चेहरा झांकून घेणारी स्त्री, शिरस्त्राण घातलेला हाडांचा सांपळा आणि भयानें डोकें धरलेला मनुष्य. ज्यांस पुढच्या युद्धाची तयारी करावयाची होती त्यांस हें रुचणें शक्य नव्हतें. ‘हे आमचे वीर नव्हेत,’ असा ओरडा सुरू झाला.

१९३३ च्या जानेवारींत हिटलर अधिकारारूढ झाला. कोल्विट्झबाईंनीं त्याच्या विरोधकांनीं एक व्हावें अशा आवाहनावर सही केली होती. म्हणून त्यांस अकादमी सोडावी लागली. १९३४ सालीं माग्डेबुर्गचें स्मारक उतरविण्यांत आलें. १९३६ सालीं बर्लिनच्या अकादमीच्या प्रदर्शनांतून दोघांच्याहि कृती काढून घेण्यांत आल्या. जर्मनीच्या संग्रहालयांतून बार्लाख यांच्या शेंकडों कृती जप्त झाल्या.

येथें प्रदर्शनाविषयीं एक गोष्ट सांगणें अवश्य आहे. प्रदर्शन म्हटलें म्हणजे तें कलेच्या गौरवासाठींच असतें अशी आपली समजूत असते. परंतु १९ जुलै १९३७ रोजीं म्युनिक शहरीं सरकारनें एक उलटें प्रदर्शन उघडलें. त्यास ‘भ्रष्ट कला’ असें नांव दिलें होतें. ३२ संग्रहालयांतून आणलेल्या सुमारे ६५० कृती अरुंद दालनांत दाटीवाटीनें लावल्या होत्या, व भिंतींवर त्यांची टिंगल करणारीं वाक्यें रंगविलीं होतीं. प्रवेश फुकट होता. त्या एकट्या शहरांतच वीस लाखांहून अधिक लोक तें पाहून गेले. आदल्याच दिवशीं सरकारनें आपल्या पसंतीच्या कलेचें भव्य प्रदर्शन जवळच्या नव्या इमारतींत उघडलें होतें. त्यास याच्या मानानें पुष्कळच थोडे लोक आले.

त्या टिंगलीच्या दालनांत बार्लाख यांची ‘पुनर्भेट’ ही कृति होती. बायबल वाचणाऱ्या विद्यार्थ्यांस तिचा विषय ठाऊक आहे. पुनरुत्थान पावलेला प्रभु व त्याच्याविषयीं शंका घेणारा शिष्य थोमा यांची ती भेट होय. थोमा वांकलेला आहे, त्याचे पाय लटपटत आहेत. प्रभु ताठ उभा असून त्यास सांवरून धरीत आहे. मूर्तींत कोणताहि फरक झाला नव्हता. चर्चमध्यें तिच्यापुढें मनुष्यानें गुडघे टेकले असते; येथें तिच्यापुढें त्यानें हंसावें अशी योजना होती. वीस लाखांपैकीं किती हंसले व किती जण मुकाट्यानें तिला शेवटचें पाहून घेण्यास आले होते, याची मोजदाद कोणापाशीं असणार? पण मूर्ति कोठें, कोणीं व कोणत्या हेतूनें मांडली आहे हें पाहिल्याशिवाय प्रदर्शनावर विश्वास ठेवूं नये, एवढा धडा त्यांतून घेण्यासारखा आहे.

पुढच्याच महिन्यांत, २३ ऑगस्ट १९३७ रोजीं, ग्युस्ट्रोचा ‘तरंगणारा’ उतरविण्यांत आला. आणि हें काम कोणा दंगेखोरांनीं केलें नाहीं. तें प्रांतीय चर्चच्या अधिकाऱ्यांच्या हुकुमानें झालें. आमच्यासारख्या, ख्रिस्ती लोकांनीं चालविलेल्या शाळेच्या अंकांत हें वाक्य लिहितांना सुख होत नाहीं. परंतु खरें तें लिहिलेंच पाहिजे. ज्यांनीं मूर्तीचें रक्षण करावयाचें त्यांनींच ती खालीं काढली. वर्षभरानें, २४ ऑक्टोबर १९३८ रोजीं, बार्लाख मरण पावले. सरकारच्या भीतीनें पुष्कळांचीं तोंडें बंद झालीं होतीं. पण कोल्विट्झबाई अंत्यविधीस गेल्या व मृत मित्राचें चित्र त्यांनीं काढून घेतलें. नंतर युद्ध पेटलें आणि ‘तरंगणाऱ्या’चें ब्राँझ शस्त्रास्त्रांसाठीं वितळविण्यांत आलें. युद्धांत पडलेल्यांसाठीं शोक करणारा देवदूत नव्या युद्धाच्या सामुग्रींत मिसळून गेला.

गोष्ट येथेंच संपावयाची. पण ती संपली नाहीं. ती कां संपली नाहीं हें समजण्यासाठीं ब्राँझची मूर्ति कशी ओततात तें सांगितलें पाहिजे. ब्राँझ म्हणजे मुख्यत्वें तांबें व कथील यांचा मिश्र धातु, आपल्या कांशाचा भाऊबंद. शिल्पकार आधीं मातीची मूर्ति घडवितो. माती वाळली कीं तडकते, म्हणून तिच्यावरून प्लास्टरची पक्की प्रत घेतात. या प्लास्टरच्या प्रतीवरून सांचा तयार करतात. सांच्याच्या आंतल्या अंगास मेणाचा थर देतात. हा थर जेवढा जाड तेवढाच पुढें धातु जाड. मेणाच्या पोकळींत न जळणारा गाभा भरतात, बाहेरून तसल्याच मातीचें जाड वेष्टण देतात, व तें सर्व भट्टींत तापवितात. मेण वितळून ठेवलेल्या वाटांनीं वाहून जातें आणि त्याची जागा रिकामी राहते. त्या रिकाम्या जागेंत हजार अंशांहून अधिक तापलेला धातूचा रस ओततात. थंड झाल्यावर वेष्टण फोडलें कीं मूर्ति बाहेर येते. मग कानसीनें व छिन्नीनें तिचा हात फिरवितात. आपल्याकडील ओतारी ज्या रीतीनें देवाच्या मूर्ति ओततात तिचीच ही थोरली बहीण आहे. या सर्व खटाटोपांत एक गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. वेष्टण फुटतें, मेण जातें, परंतु प्लास्टरची मूळ प्रत शिल्लक राहते. ती असेल तर दुसरी मूर्ति ओततां येते.

‘तरंगणाऱ्या’ची प्लास्टरची प्रत बर्लिनच्या ओतशाळेंत शिल्लक होती. बार्लाख यांच्या मित्रांनीं तिच्यावरून गुप्तपणें दुसरी मूर्ति ओतवून घेतली, व ती उत्तर जर्मनींतील ल्युनेबुर्गच्या माळरानांतील एका खेड्यांत लपवून ठेवली. याचा अर्थ नीट मनांत आणावा. घंटासुद्धां वितळविल्या जात असतां कोणीतरी एवढा धातु जमविला. कोणीतरी न बोलतां भट्टी पेटविली. कोणीतरी तें धूड गाडींत घालून नेलें. आणि कोणीतरी आपल्या घराच्या आश्रयास ठेवलें. बोभाटा झाला असता तर प्रत्येकास जाब द्यावा लागला असता. यांपैकीं बहुतेकांचीं नांवें शिल्पकलेच्या इतिहासांत येत नाहींत. मूर्ति घडविणारा एक असतो; ती वांचविण्यास मात्र अनेक हात लागतात.

कोल्विट्झबाईंचे शेवटचे दिवस कष्टाचे गेले. त्यांच्या कृती जाहीरपणें मांडण्यास वाव उरला नव्हता. तरी १९३७-३८ च्या सुमारास त्यांनीं हातभरहि उंच नसलेली एक लहान मूर्ति घडविली. बसलेल्या आईच्या मांडीशीं तिचा मृत पुत्र आहे, एवढाच तिचा विषय. १९४० सालीं पति वारले. १९४२ सालीं नातू रशियांत मारला गेला. त्याचें नांवहि पेटरच होतें. १९४३ च्या नोव्हेंबरांत बाँबच्या वर्षावांत बर्लिनचें घर व त्यांतील पुष्कळ काम जळून गेलें. २२ एप्रिल १९४५ रोजीं, म्हणजे युरोपांतील युद्ध थांबण्यापूर्वीं अवघे सोळा दिवस, त्यांनीं देह ठेवला. शांतता पाहण्याचें त्यांच्या नशिबीं नव्हतें.

परंतु मूर्तींच्या नशिबीं तें होतें. लपविलेला ‘तरंगणारा’ १९५२ सालीं कोलोन शहरांतील अंतोनिटर चर्चमध्यें टांगण्यांत आला. त्या वेळीं जर्मनीचे दोन तुकडे झालेले होते. कोलोन पश्चिमेकडे व ग्युस्ट्रो पूर्वेकडे. तरीहि कोलोनच्या मूर्तीवरून सांचा घेऊन तिसरी प्रत ओतण्यांत आली, आणि १९५३ सालीं ती ग्युस्ट्रोच्या कॅथीड्रलांत पोंचली. एका मूर्तीच्या दोन प्रती दोन वैरी राज्यांत एकाच वेळीं तरंगूं लागल्या. माग्डेबुर्गचें लांकडी स्मारकहि लपवून वांचविलें गेलें होतें. तें आपल्या जागीं परत आलें. दगडी आईबाप १९५६ सालीं पेटरच्या थडग्यासह जवळच्या व्लाड्स्लो येथील दफनभूमींत नेण्यांत आले. तेथें पंचवीस हजारांहून अधिक जर्मन सैनिक पुरलेले आहेत. हातभर मूर्तीची मोठी प्रत १९९३ सालीं बर्लिनमध्यें युद्धाला व जुलमाला बळी पडलेल्यांच्या स्मारकगृहांत बसली. आणि २०१४ सालीं ग्युस्ट्रोचा ‘तरंगणारा’ लंडनच्या ब्रिटिश म्यूझियममध्यें जर्मनीच्या इतिहासावरील प्रदर्शनांत पाहुणा म्हणून गेला. १९१४ सालीं ज्यांचे मुलगे एकमेकांवर गोळ्या झाडीत होते, त्यांचे वंशज शंभर वर्षांनीं त्याच्याखालीं उभे राहून वर पाहत होते.

आतां आरंभींच्या प्रश्नाकडे येऊं. घर जळत असतां मूर्ति कशाला? या दोन जीवितांवरून आम्हांस असें दिसतें कीं, संकटांत माणसाचें केवळ अन्नच नाहींसें होत नाहीं, त्याच्या दुःखाचें नांवहि हिरावून घेतलें जातें. ‘तुझा मुलगा मेला नाहीं, अमर झाला,’ असें त्यास सांगण्यांत येतें, व रडण्याची चोरी होते. अशा वेळीं जो शिल्पकार खरें दुःख खऱ्या आकारांत लोकांपुढें ठेवतो तो त्यांस त्यांचें स्वतःचें कांहींतरी परत देतो. म्हणूनच जुलमी सत्ता निरुपद्रवी दिसणाऱ्या मूर्तीस भिते. नुसती शोभेची वस्तु उतरविण्यासाठीं हुकूम काढण्याची तसदी कोणी घेत नाहीं. मात्र मूर्ति भाकरीची जागा घेऊं शकत नाहीं, हेंहि तितकेंच खरें. म्हणून कोल्विट्झबाईंनीं दोन्ही कामें केलीं आणि बार्लाख यांनीं मोबदला सोडला.

विद्यार्थिमित्रांनो, यापुढें चौकांतील पुतळा, चर्चमधील किंवा देवळांतील मूर्ति, अगर गांवच्या वेशीवरील शिळा पाहाल तेव्हां तीन प्रश्न मनाशीं विचारीत जा: ही कशाची केली आहे? ही कोणत्या सालीं व कोणत्या परिस्थितींत येथें आली? आणि हिनें कोणास जागा दिली आहे, विजयी झालेल्यास कीं मागें राहिलेल्यास? उत्तरें शोधतांना वडील माणसांस विचारावें लागेल, जुने कागद पाहावे लागतील, आणि पुष्कळ दिवस जातील. त्यांत कमीपणा नाहीं. पालकहो, आपल्या मुलांनीं असे प्रश्न घेऊन आपणांकडे यावें, व आपणांस ठाऊक असलेल्या गोष्टी त्यांच्या स्वाधीन कराव्या, अशी आमची आपणांस विनंति आहे. पंखांवांचून तरंगणारा तो देवदूत आज कोलोनला आहे आणि ग्युस्ट्रोलाहि आहे, याचें कारण एवढेंच कीं, मूर्ति गेली तरी तिचा मूळ आकार कोणीतरी जपून ठेवला होता.